सिझेरियन ठरलंय, पण तारीख कोणती घ्यावी?

रानजाई

दुसरी खेप आहे. पहिल्या वेळी कळा देऊन देऊन थकले, पण पिशवीचं तोंड काही पुरतं उघडलं नाही आणि शेवटी मध्यरात्री सिझर करावं लागलं. या वेळी डॉक्टरांशी सगळं बोलून पुन्हा सिझेरियनच करायचं ठरवलं आहे. तेव्हा नॉर्मल की सिझर हा वाद कृपया इथे नको, माझ्यापुरता तो मिटलाय.

प्रश्न तारखेचा आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: ३८ आठवडे २ दिवस किंवा ३९ आठवडे ३ दिवस. पहिल्या तारखेला त्या स्वतः करतील. त्यानंतर त्या रजेवर जाताहेत, म्हणून दुसरी घेतली तर त्याच हॉस्पिटलमधले दुसरे डॉक्टर करतील. नवऱ्याचं म्हणणं, ओळखीच्या बाई आहेत तर पहिली घेऊन मोकळं व्हावं. सासूबाई म्हणतात, पोटात आहे तोवर सुखात आहे, घाई कसली. मला स्वतःला रात्री कुशीवर वळायचं म्हणजे एक प्रकल्प झालाय, त्यामुळे मन पहिल्या तारखेकडेच धावतंय.

पण आठवड्याभराने बाळाला खरंच फरक पडतो का? आणि दुसरी तारीख घेतली नि त्याआधीच कळा सुरू झाल्या तर? पहिल्या वेळसारखी धावपळ परत नको वाटते.

चकोर

माझं ३८ पूर्ण झाल्या झाल्या केलं होतं. बाळ ठणठणीत, तिसऱ्या दिवशी घरी. ओळखीचे डॉक्टर असणं हीच मोठी गोष्ट असते गं, जास्त वाचत बसू नकोस. शुभेच्छा!

विदा_दाखवा

चकोर, तुमचं बाळ ठणठणीत आहे हे छानच. पण त्यावरून रानजाईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ३७व्या आठवड्यात झालेलीही बहुतेक बाळं ठणठणीतच असतात. प्रश्न एवढाच, की नसणाऱ्यांचं प्रमाण किती, आणि थांबल्याने ते कमी होतं का.

या विषयावर आकडे आहेत, म्हणून देतोय. डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास २००८ साली आला. त्यात कळा सुरू होण्याआधी ठरवून केलेल्या सिझेरियनच्या बाळांना श्वासाचा त्रास किती झाला ते आठवड्यांनुसार पाहिलं होतं. ३७ आठवड्यांना १० टक्के, ३८ ला ५.१ टक्के, ३९ ला २.१ टक्के. त्याच आठवड्यांत नॉर्मल प्रसूती ठरवलेल्यांच्या बाळांत हेच प्रमाण २.८, १.७ आणि १.१ होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या १९ केंद्रांचा अभ्यास आला, खास रानजाईंसारख्या म्हणजे दुसऱ्यांदा सिझेरियन होणाऱ्या बायकांचा. श्वासाचा त्रास, साखर उतरणं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जावं लागणं वगैरे सगळं एकत्र धरून ३७ ला १५.३ टक्के, ३८ ला ११ टक्के, ३९ ला ८ टक्के.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीच निवडून निवडून आकडे देतोय असं होईल. हे दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत, म्हणजे कुणाचं कधी करायचं ते अभ्यासाने ठरवलं नव्हतं, जे झालं ते फक्त मोजलं. डेन्मार्कमध्येच २०१३ साली १,२७४ बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून, अर्ध्यांचं ३८ आठवडे ३ दिवसांना आणि अर्ध्यांचं ३९ आठवडे ३ दिवसांना सिझेरियन ठरवलं. एनआयसीयूत गेलेली बाळं १३.९ टक्के विरुद्ध ११.९ टक्के. म्हणजे कल ३९ कडेच, पण फरक इतका लहान की तो योगायोगही असू शकतो.

माझं मत: ३७ आणि ३९ यांत चांगलाच फरक आहे. साडेअडतीस आणि साडेएकोणचाळीस यांत आहे, पण जीव टांगणीला लावण्याइतका नाही.

रात्रपाळी

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. विदा_दाखवा यांच्या टक्केवारीतली बाळं माझ्या पाळीत येतात, म्हणून लिहिते.

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात काही संप्रेरकं वाढतात आणि फुप्फुसं ते पाणी शोषायला लागतात. कळा न येता सिझर झालं की हे काम अर्धवट राहू शकतं. मग बाळ धापा टाकतं, मिनिटाला साठच्या वर श्वास, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते. आम्ही ऑक्सिजन किंवा नाकातून दाबाची हवा देतो आणि बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत साफ बरी होतात. घाबरवायला लिहीत नाहीये.

पण ते दोन-तीन दिवस कसे जातात तेही कळावं. आई एका मजल्यावर टाके सांभाळत, बाळ दुसऱ्या मजल्यावर. दूध काढून बाटलीतून वर पाठवायचं, कारण एवढ्या जोरात श्वास चालू असताना बाळाला अंगावर पाजता येत नाही. ३७ ला झालेली बाळं आणखी एका बाबतीत त्रास देतात: झोपाळू असतात, नीट ओढत नाहीत, मग वजन उतरतं आणि कावीळ चढते. वजन तीन किलो असलं तरी. ‘वजन भरलंय म्हणजे बाळ तयार आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! वजन आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उगाच_एक

मग सासूबाईच बरोबर की. ३९ च का, ४१ पर्यंत थांबा. अजून तयार होईल.

टाकेवाली

(स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पण तुमची फाइल माझ्यासमोर नाही, तेव्हा हे सर्वसाधारण बोलणं समजा.)

उगाच_एक, प्रश्न चेष्टेत विचारलात, पण बरोबर विचारलात. थांबण्याचा फायदा ३९ पूर्ण झाल्यावर जवळजवळ संपतो आणि धोके मात्र वाढत राहतात. एक म्हणजे, पोटातच बाळ दगावण्याची शक्यता. ती फार लहान असते, पण आठवड्यागणिक वाढते. सुमारे दीड कोटी गरोदरपणांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये काढलेला अंदाज ३७ आठवड्यांना हजारी ०.११ आणि ४२ ला हजारी ३.१८ असा होता. दुसरं, जितकं लांबवाल तितक्या ठरल्या दिवसाआधी कळा सुरू होण्याची शक्यता वाढते, आणि मग नियोजित शस्त्रक्रिया घाईची होते. पिशवीवर आधीचा व्रण असला तर कळा सुरू झाल्यावर तो उसवण्याचाही प्रश्न असतो. एकदा आडव्या छेदाचं सिझर झालेलं असेल तर कळांमध्ये हे साधारण दोनशेत एकीला होतं.

या दोन्हींचा मेळ घालून ब्रिटनची नाइस (उपचारांचं मार्गदर्शन ठरवणारी) आणि अमेरिकेची एकॉग (स्त्रीरोगतज्ज्ञांची) या दोन्ही संस्थांच्या मार्गदर्शनात एकच गोष्ट आहे: दुसरं काही वैद्यकीय कारण नसेल तर नियोजित सिझेरियन ३९ आठवड्यांच्या आधी करू नये. प्रत्यक्षात ३९ आणि ४० च्या मधला, शक्यतो अलीकडचा दिवस धरला जातो. रानजाई, तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्हाला बीपी, शुगर, वार (प्लॅसेंटा) खाली असणं असं काही नाही. मग कागदावर दुसरी तारीख उजवी.

दुसऱ्यांदा_बाबा

नवऱ्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं! ओळखीच्या डॉक्टरचं महत्त्व आकड्यांत दिसत नाही. आमच्या वेळी टेबलावर बायकोचा हात धरून बसलो होतो आणि डॉक्टरांचा आवाज ओळखीचा होता, तिला त्याचाच आधार होता. ३८+२ आणि ३९+३ मध्ये जर टांगणीला लावण्याइतका फरक नसेल, तर हे वजनही तराजूत घालायला हवं ना?

विदा_दाखवा

घाला की. फक्त वजन आहे हे मान्य करून घाला, ‘बाळाला काही फरक पडत नाही’ असं म्हणून नको. आणि तो अभ्यास ३८+३ चा होता, हे लक्षात असू द्या. त्याच्या अलीकडे सरकलात की माझं वाक्य लागू होत नाही.

तिसरी_घंटा

सगळे ३८ की ३९ वर भांडताय, पण मुळात हे ३८ आठवडे २ दिवस मोजलेत कुठून? पाळीच्या तारखेवरून की पहिल्या सोनोग्राफीवरून?

विचारायचं कारण, माझ्या बहिणीच्या वेळी घरात तीन आकडे फिरत होते. आईच्या हिशोबाने नववा सरला होता, मोबाइलमधल्या अ‍ॅपवर ‘३९वा आठवडा’ दिसत होता आणि डॉक्टर ३८ आणि काही दिवस म्हणत होत्या. अ‍ॅप आणि डॉक्टर एकच सांगत होते खरं तर: ३९वा *चालू* म्हणजे ३८ *पूर्ण*. पण ‘३९ ला करू’ असं नुसतं तोंडी ठरलं की घोळ व्हायला सात दिवस मोकळे मिळतात. पूर्ण आठवडे अधिक दिवस असंच बोलावं.

रानजाई

सगळ्यांना धन्यवाद, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

तिसरी_घंटा, तुमचं वाचून फाइल काढली. माझी पाळी नियमित नाही, कधी पस्तीस दिवसांनी तर कधी चाळीस. फाइलच्या पहिल्या पानावर जी ड्यू डेट आहे ती शेवटच्या पाळीवरून काढलेली दिसतेय. पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी पाळीनुसार ९ आठवडे २ दिवस होत होते, आणि रिपोर्टमध्ये बाळ ८ आठवडे १ दिवसाचं लिहिलंय. पण आत्ता ३४व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पाळीच्या तारखेशी बरोबर जुळतंय. मग पाळीचीच खरी ना?

टाकेवाली

थांबा थांबा. हे फार महत्त्वाचं आहे.

पाळीवरून ड्यू डेट काढताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरतात. त्यात गृहीत असं असतं, की पाळी २८ दिवसांची आहे आणि बीज मध्यावर सुटलंय. ज्यांची पाळी ३५-४० दिवसांनी येते त्यांचं बीज उशिरा सुटतं, म्हणून बाळ खरं तर हिशोबापेक्षा लहान असतं. तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये नेमकं तेच दिसतंय.

पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून वय पाच-सात दिवसांच्या फरकाने अचूक कळतं. नंतर प्रत्येक बाळ आपापल्या घराण्यावर जातं, कुणी दांडगं, कुणी किरकोळ, आणि शेवटच्या तीन महिन्यांत हाच अंदाज तीन-चार आठवड्यांनीही चुकू शकतो. म्हणून ३४व्या आठवड्याची सोनोग्राफी बाळ *मोठं आहे का* ते सांगते, *किती दिवसांचं* ते नाही. तुमचं बाळ जरा अंगाने भरलेलं असेल, म्हणून योगायोगाने पाळीशी जुळतंय.

एकॉगचा नियम असा: पाळीनुसार ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी झाली असेल आणि फरक सात दिवसांहून जास्त असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरायची. नऊ आठवड्यांच्या आत झाली असेल तर पाच दिवसांहून जास्त फरकही पुरतो. तुमचा फरक आठ दिवसांचा. तेव्हा हा रिपोर्ट घेऊन उद्याच डॉक्टरांना विचारा, की अंतिम ड्यू डेट कुठली. कदाचित त्यांनी आत कुठे दुरुस्त केली असेल आणि पहिल्या पानावर जुनीच राहिली असेल. ते मला इथून सांगता येणार नाही.

विदा_दाखवा

म्हणजे गणित असं होतं. आठ दिवस वजा करा. ३८+२ म्हणजे खरे ३७+१. ३९+३ म्हणजे ३८+२.

रानजाई, तुमच्या दोन पर्यायांपैकी एकही ३९ चा नाही. आणि पहिला तर थेट त्या १० टक्क्यांच्या खान्यात बसतो.

दुसऱ्यांदा_बाबा

माझं वजन तराजूतून काढून घेतो.

चकोर

बाप रे. हे तर माझ्या डोक्यातही आलं नसतं.

कळसूत्री

धागाकर्तीने नको म्हटलंय तरी राहवत नाही. एका सिझरनंतर कळांची वाट पाहिलेल्यांपैकी ६० ते ८० टक्के बायकांची नॉर्मल होते. मग तारखेचा खटाटोपच कशाला?

रात्रपाळी

कळसूत्री, आकडा बरोबर आहे, पण त्यांनी पहिल्याच परिच्छेदात दार लावून घेतलंय. वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन लिहीन.

पानगळ

धागा वाचतेच आहे तर माझंही विचारते. ३५ आठवडे झालेत, बाळ पायाळू आहे. डॉक्टर म्हणाल्या, तसंच राहिलं तर ३९ ला सिझेरियन. पण मला कुणीतरी सांगितलं की फुप्फुसं पक्की व्हायची इंजेक्शनं घेतली तर ३७ लाही करता येतं. खरं आहे का?

टाकेवाली

पानगळ, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी पायाळूचं. पस्तिसाव्या आठवड्यात पायाळू असलेली बरीच बाळं आपणहून फिरतात. नाही फिरलं तर ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास पोटावरून हातांनी बाळ फिरवून बघता येतं. साधारण निम्म्या वेळा जमतं. सगळ्यांना करता येत नाही, पण तुम्हाला चालेल का हे जरूर विचारा. आणि सिझेरियनच ठरलं, तर त्या दिवशी सकाळी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगा. आदल्या आठवड्यात फिरून बसलेली बाळं मी पाहिली आहेत. अशा वेळी आई भरती झालेली, उपाशी, आणि बाळाचं डोकं छान खाली!

आता इंजेक्शनं, म्हणजे स्टिरॉइड. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल तेव्हा त्यांनी असंख्य बाळं वाचवली आहेत, तिथे शंकाच नाही. ३७ नंतरच्या नियोजित सिझेरियनसाठी ब्रिटनमध्ये २००५ साली एक चाचणी झाली, त्यात श्वासाच्या त्रासाने भरती होणारी बाळं ५.१ वरून २.४ टक्क्यांवर आली. म्हणजे उपयोग होतो. पण हाच उपयोग नुसतं ३९ पर्यंत थांबूनही होतो, औषधाशिवाय. स्टिरॉइडमुळे जन्मानंतर बाळाची साखर उतरू शकते. ३४ ते ३६ आठवड्यांच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत हे १५ वरून २४ टक्क्यांवर गेलं होतं. तेव्हा लवकर करणं भाग असेल तर इंजेक्शनांचा विचार करायचा. लवकर करता यावं *म्हणून* इंजेक्शनं, हे उलटं झालं.

रानजाई

बोलून आले. टाकेवाली म्हणाल्या तसंच होतं: पहिल्या पानावर पाळीची तारीख, आणि दोन्ही तारखा तिच्यावरून काढलेल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, माझ्या पाळीबद्दल परत विचारलं आणि सोनोग्राफीची ड्यू डेट अंतिम धरून पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली. आढेवेढे घेतले नाहीत, हे आवडलं. आता नवीन हिशोबाने ३९ आठवडे १ दिवस. म्हणजे मी ज्या तारखेकडे डोळे लावून होते तिच्यापेक्षा चक्क दोन आठवडे पुढे! तोवर त्या रजेवरून परतलेल्या असतील, त्यामुळे तो प्रश्नही सुटला.

आता राहिली ती भीती. आधीच कळा सुरू झाल्या तर?

टाकेवाली

दहापैकी साधारण एकीला होतं. ३९ च्या तारखेला हा धोका घेऊनच आपण थांबतो, त्यामुळे तो दुर्लक्षित करायचा नाही, त्याची तयारी ठेवायची. कळा नियमित यायला लागल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर निवांत बघू म्हणायचं नाही. खाणं थांबवायचं, फोन करायचा आणि निघायचं. बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांचीही वाट बघायची नाही. पहिल्यासारखं होणार नाही, कारण पहिल्या वेळी तुम्ही तासन् तास कळा देऊन दमलेल्या असताना सिझर झालं. या वेळी निर्णय आधीच झालेला आहे, कळांच्या सुरुवातीलाच घेतील.

डॉक्टरांना एक विचारून ठेवा: रात्री आले तर कोण करणार, भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात, तुमच्या गटाचं रक्त कुठून येणार. हिमोग्लोबिन कमी असेल तर या जास्तीच्या दोन आठवड्यांत ते वर आणा, आयतीच सवड मिळाली आहे.

गुंगी

भूलतज्ज्ञ म्हणून थोडी भर. लोक तारखेचा एवढा काथ्याकूट करतात आणि वेळ कुणीच विचारत नाही. जमलं तर यादीतला पहिला नंबर मागा. घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुमचा नंबर तिसरा असेल आणि आधीच्या दोन शस्त्रक्रिया लांबल्या, तर सहाचे बारा तास होतात. अशा वेळी ‘पाण्याचा घोट घेऊ का’ असं न लाजता विचारा, बहुतेकदा हो म्हणतो आम्ही. ‘आदल्या रात्रीपासून थेंबही नको’ ही जुनी शिस्त अजून बऱ्याच ठिकाणी पाळली जाते, तिची गरज नाही.

शिवाय आठवड्यातला दिवस. डॉक्टर आपल्या सोयीची तारीख देतात म्हणून लोक कुरकुरतात. दिवसा, कामाच्या दिवशी, बालरोगतज्ज्ञ, रक्तपेढी, प्रयोगशाळा सगळं जागं असताना केलेली शस्त्रक्रिया ही तुमचीही सोय असते. सोयीसाठी वार बदलला तर माझी हरकत नाही. आठवडा बदलला तर आहे.

कमरेतल्या भुलीत तुम्ही जाग्या असता. बाळ ठीक असेल तर टेबलावरच छातीवर घेता येतं, पण हे आधी सांगितलेलं बरं, म्हणजे हाताला लावलेल्या नळ्या आणि छातीवरचे पट्टे आम्ही त्या बेताने लावतो.

उगाच_एक

या धाग्यावर चेष्टा करायला आलो होतो, मेहुणीला लिंक पाठवून चाललो.

वाचनमात्र

बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मला परवा ३७ आठवडे पूर्ण होतील. बीपी वाढलंय, लघवीत प्रथिनं सापडली आहेत, म्हणून परवाच सिझेरियन करू म्हणाले (बाळ आडवं आहे). सोनोग्राफीवरून तारीख पक्की आहे. पण इथलं सगळं वाचून वाटतंय, दोन आठवडे मुदत मागावी. मागू का?

टाकेवाली

नाही. हे ठळक अक्षरांत लिहिते: तुमच्या बाबतीत ३९ चा नियम लागू नाही.

वरची सगळी चर्चा ‘दुसरं काही वैद्यकीय कारण नसेल तर’ या अटीवर उभी आहे. वाढलेलं बीपी आणि लघवीत प्रथिनं म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. तो सौम्य असला तरी ३७ पूर्ण झाले की प्रसूती करावी, असंच मार्गदर्शन आहे, आणि तीव्र असेल तर त्याहूनही लवकर. इथे थांबण्यात आईला झटके येण्याचा, वार सुटण्याचा, बाळाचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा धोका असतो. श्वासाचा दोन दिवसांचा त्रास त्यापुढे काहीच नाही. अशीच इतरही कारणं आहेत. वार पिशवीच्या तोंडावर असेल तर ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान करतात, पूर्वीचा छेद पिशवीच्या वरच्या भागात उभा असेल तर ३६-३७, एकाच वारेवरची जुळी असतील तर ३६ च्या आसपास. तिथे ३९ ची वाट बघणं हाच निष्काळजीपणा.

मुदत मागू नका. त्याऐवजी विचारा: बाळाला श्वासाचा त्रास झाला तर सोय इथेच आहे का, की दुसरीकडे हलवावं लागेल? आणि परवापर्यंत डोकं जोरात दुखलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, बरगड्यांखाली दुखलं किंवा एकाएकी चेहरा सुजला, तर परवाची वाट बघायची नाही.

वाचनमात्र

डोकं सकाळपासून दुखतंय. झोप नाही म्हणून असेल असं वाटलं होतं.

टाकेवाली

असेलही. पण ते ठरवायचं काम तुमचं नाही आणि माझंही नाही. आत्ता हॉस्पिटलला फोन करा, ‘बीपीची पेशंट, ३७ होत आलेत, डोकं दुखतंय’ एवढंच सांगा आणि बीपी बघायला जा. सोबत कुणीतरी घ्या, फाइल विसरू नका.

रात्रपाळी

+१. आणि निघण्याआधी काही खाऊ नका.

वाचनमात्र

फोन केला. लगेच या म्हणाले. निघतोय आम्ही.

रानजाई

नीट जा. टाकेवाली, मूळ धाग्याच्या वर तुमचं ते ठळक वाक्य डकवते आहे, बीपी, शुगर, वार, जुळं असणाऱ्यांसाठी. अजून काही त्यात घालायचं असेल तर सांगा.

टाकेवाली

पिशवीवर पूर्वी गाठी काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्याही घाला, त्यांनाही बहुधा ३७-३८ दरम्यान बोलावतात. आणि बाळाची वाढ खुंटल्याचं सांगितलेल्या. बाकी पुरेसं आहे.